दुकान आपलं, गाडी दुसऱ्याची : माल आणण्या-पोचवण्याचं काम बाहेर देताना हिशेब कसा करायचा?

तालुका प्रतिनिधी, मेहकर :

किराणा असो, कापड असो, हार्डवेअर असो की कृषी सेवा केंद्र, दुकानात माल येतो कसा हे गिऱ्हाईक कधी विचारत नाही. त्याला सामान भेटलं म्हणजे झालं. दुकानदाराला मात्र विचारून पाहा. आठवड्यातले दोन दिवस अकोला, खामगाव नाहीतर जालन्याच्या चकरांत जातात. मागं दुकानावर पोरगा बसतो, उधारी लिहायची राहते, आणि एखादं मोठं गिऱ्हाईक नेमकं त्याच दिवशी येऊन परत जातं.

म्हणून गेल्या काही वर्षांत आपल्या भागातल्या बऱ्याच दुकानदारांनी हे काम अंगावरून काढून दुसऱ्याकडं सोपवायला सुरुवात केली आहे. कुणी महिन्याच्या बोलीवर पिकअप लावली, कुणी ट्रान्सपोर्टवाल्याशी दर ठरवून घेतला, कुणी ऑनलाईन विकायला लागला आणि घरोघर पोचवायचं काम कुरिअरवर टाकलं. शहरात यालाच लॉजिस्टिक्सचं आउटसोर्सिंग म्हणतात. शब्द मोठा आहे, अर्थ साधा आहे : माल उचलणं, साठवणं, वाहून नेणं, पोचवणं आणि त्याचे कागद सांभाळणं हे सगळं काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घ्यायचं.

यात फायदा आहे, नाही असं नाही. पण एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा लेख तिच्यावरच आहे. काम बाहेर जातं, पण जोखीम बाहेर जातेच असं नाही. ती कुणाकडं राहिली हे बिल्टीवर, बिलावर आणि करारावर लिहिलेलं असतं, आणि तेच कागद आपण वाचत नाही.

हुंडेकऱ्यापासून व्ही.पी.पर्यंत

हा प्रकार काही काल-परवाचा नाही. जुन्या पिढीला हुंडेकरी माहीत आहे. व्यापाऱ्याचा माल गोळा करायचा, ट्रक ठरवायचा, बिल्टी फाडायची आणि माल पोचता करायचा, हे सगळं तो करायचा. पोस्टाची व्ही.पी. तर घरोघरी माहीत होती. पुण्या-मुंबईहून पुस्तक किंवा औषध मागवायचं, पोस्टमनला पैसे द्यायचे आणि पाकीट घ्यायचं. आजची कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे तीच व्ही.पी., फक्त मोबाईलवर आली.

साबण, बिस्कीट, तेल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी तर हे काम कधीच बाहेर दिलेलं आहे. कंपनीचा माल सी अँड एफ एजंटच्या गोडाऊनला येतो, तिथून जिल्ह्याच्या डिस्ट्रिब्युटरकडं आणि तिथून आपल्या दुकानात. कंपनीची स्वतःची गाडी यात बहुतेक कुठंच नसते. गाडी कुणाची, हमाल कुणाचे, गोडाऊन कुणाचं, सगळे वेगवेगळे.

मग आता नवीन काय झालं? जे फक्त कंपनीला परवडायचं ते तालुक्याच्या दुकानदाराच्या हातात आलं. त्यामागं तीन-चार कारणं आहेत.

पहिलं कारण जीएसटी. १ जुलै २०१७ च्या आधी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा. तो वाचवायला कंपन्या प्रत्येक राज्यात वेगळं गोडाऊन ठेवायच्या, मग तिथं गरज असो नसो. शहराच्या वेशीवर जकात होती ती वेगळीच. मुंबईची जकात चुकवायला माल शहराबाहेर ठेवायची पद्धत पडली, आणि भिवंडी गोडाऊनचं गाव झालं त्यात या जकातीचा मोठा हात आहे. जीएसटी आला, जकात गेली, राज्याच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके गेले. त्यानंतर चार ठिकाणी चार छोटी गोडाऊन ठेवण्यापेक्षा एकाच ठिकाणी मोठं गोडाऊन ठेवायचं आणि तिथून लांबवर गाड्या सोडायच्या, असा हिशेब कंपन्यांनी केला. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्रानं या क्षेत्राला पायाभूत सुविधेचा दर्जा दिला, त्यामुळं गोडाऊनसाठी मोठी कर्जं मिळणं सोपं झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आलं.

दुसरं कारण आपल्या दारातून गेलं आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला. आमणे कुठं येतं? भिवंडी तालुक्यात. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या गोडाऊन पट्ट्यांपैकी एकाला आपला बुलडाणा जिल्हा सरळ जोडला गेला. भिवंडीत रात्री भरलेला ट्रक सकाळी मेहकरला खाली होऊ शकतो. अर्थात टोल आहे, आणि तो किलोमीटरवर आहे. शिवाय दुचाकी, तीनचाकीला त्या रस्त्यावर बंदी आहे. तेव्हा महामार्गाचा फायदा मोठ्या गाडीला आधी, आणि गावापर्यंतचे शेवटचे वीस किलोमीटर अजून त्याच खड्ड्यांतून.

तिसरं कारण छोटी गाडी. २००५ मध्ये टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती आला आणि खेड्यातली वाहतूकच बदलली. तीन टनांच्या आतल्या एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्यात परमिट लागत नाही, म्हणून गावागावांत अशा गाड्या झाल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : साध्या हलक्या वाहनाचं लायसन असलेला माणूस साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, वेगळा शेरा लागत नाही. अपघातानंतर लायसनवरून विम्याचा दावा अडकायचा, त्यात अनेकांना यामुळं दिलासा मिळाला.

आणि चौथं म्हणजे मोबाईल. त्याबद्दल पुढं येतं.

स्वतःची गाडी की भाड्याची?

हा प्रश्न दुकानदार मनातल्या मनात सोडवतो आणि बहुतेक वेळा इज्जतीवर सोडवतो. दारात स्वतःची गाडी उभी असली की बरं दिसतं. पण कागदावर मांडून पाहा. खालचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, प्रत्येकानं आपले टाकावेत.

समजा कर्जावर पिकअप घेतली. हप्ता १८,००० रुपये, ड्रायव्हरचा पगार १४,०००, विमा-टॅक्स-पासिंगचे महिन्याला ४,००० आणि टायर-सर्व्हिसिंगचे ४,०००. झाले ४०,०००. हा खर्च गाडी जागेवरून हलली नाही तरी होतोच. आता एक फेरी जाऊन-येऊन १६० किलोमीटरची धरली तर डिझेल ११०० आणि हमाली, चहापाणी, पार्किंग ४००, असे फेरीला १५०० रुपये. आणि तीच फेरी भाड्याच्या पिकअपनं केली तर समजा ४,५०० रुपये.

महिन्यात आठ फेऱ्या असतील तर स्वतःच्या गाडीला ५२,००० लागतात, भाड्यानं ३६,०००. म्हणजे दर महिन्याला १६,००० रुपये दारातल्या शोभेवर गेले. वीस फेऱ्या असतील तर उलटं होतं : स्वतःची ७०,०००, भाड्याची ९०,०००. या हिशेबात तेरा आणि चौदा फेऱ्यांच्या मधे काटा फिरतो. चौदापेक्षा कमी फेऱ्या असतील तर भाड्याची गाडी स्वस्त, त्याच्या वर गेल्या तर घरची.

आता यात एक मेख आहे. आपल्याकडं बाजार बारा महिने सारखा नसतो. जूनमध्ये पेरणीला आणि दिवाळीला रोज गाडी लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवड्यातून एकदा. वर्षाची सरासरी काढली तर बहुतेक किराणा, कापड दुकानं चौदाच्या खालीच बसतात. कृषी सेवा केंद्रवाल्याला मात्र जूनमध्ये भाड्याची गाडी मिळतच नाही, कारण त्या महिन्यात सगळ्यांनाच पाहिजे असते आणि भाडं तर दीडपट होतं. बियाणं दोन दिवस उशिरा आलं तर शेतकरी दुसऱ्या दुकानात जातो, आणि वाफसा कुणासाठी थांबत नाही. अशा दुकानदारानं नुसता वर्षाचा हिशेब पाहून उपयोग नाही. हंगामाची बोली आधी लिहून घ्यावी : जूनमध्ये एवढ्या फेऱ्या, हा दर, नाही आला तर एवढी कपात. हे एप्रिलमध्येच करावं लागतं. जूनमध्ये कुणी ऐकत नाही.

चार दुकानदारांनी मिळून एक गाडी लावायची, ही कल्पना बऱ्याच जणांना सुचते. चांगली आहे. भांडण होतं ते आधी कुणाचं सामान उतरवायचं यावरून आणि फुटलेल्या मालावरून. पोतं आणि काचेच्या बाटल्या एकाच गाडीत असल्या की नुकसान कुणाचं ते सांगता येत नाही. फक्त एकसारखा माल असलेल्यांनी एकत्र यावं.

अर्धी गाडी भरत नसेल तर ट्रान्सपोर्टचा पार्ट लोड आहेच. तिथं नगावर किंवा वजनावर भाडं लागतं. बिल्टी ‘पेड’ आहे की ‘टू पे’, आणि माल दुकानात उतरवून देणार की त्यांच्या गोडाऊनवरून आपण उचलायचा, हे बोलीतच विचारा. स्वस्त वाटलेला दर गोडाऊन डिलिव्हरीचा निघतो आणि बसस्टँडजवळून दुकानापर्यंत हातगाडीवाल्याला, हमालाला वेगळे मोजावे लागतात. हमालीला नावं ठेवण्यात मात्र अर्थ नाही. पाठीवर पन्नास किलो घेऊन चढायचं सोपं नसतं. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची चळवळ उभी केली, १९६९ चा माथाडी कायदा झाला, म्हणून तर त्या लोकांच्या मजुरीला, भविष्य निर्वाह निधीला काही आधार आला. दर ठरवताना हमाली धरूनच दर ठरवावा, म्हणजे दारात वाद होत नाही.

बिल्टीच्या मागच्या बाजूला काय असतं

आता मुद्द्याचं. गेल्या हंगामात आपल्याच तालुक्यातल्या एका कृषी सेवा केंद्रवाल्याचे फवारणीच्या औषधांचे दोन खोके वाटेत गहाळ झाले. खरेदीचं बिल होतं ४८,००० रुपयांचं. ट्रान्सपोर्टचं भाडं होतं ६०० रुपये. नाव लिहीत नाही, पण वाहतूकदारानं आधी ‘बघतो’ म्हटलं, मग ‘गोडाऊनला विचारतो’, मग ‘मालक गावाला गेलेत’. असे चार महिने गेले. शेवटी ६,००० रुपये देतो म्हणाले.

दुकानदाराला वाटलं ही दादागिरी आहे. पण हा आकडा हवेतून आलेला नव्हता. रस्त्यानं मालवाहतूक करणाऱ्यांसाठी २००७ चा केंद्राचा कायदा आहे, तो २०११ पासून लागू आहे. त्याच्या नियमांत असं आहे की माल पाठवणाऱ्यानं मालाची जास्त किंमत आधी जाहीर करून त्याचा जादा दर भरला नसेल, तर नुकसानीची जबाबदारी भाड्याच्या दहा पटीपर्यंत मर्यादित राहते. ६०० गुणिले दहा, सहा हजार. बाकीचे ४२,००० कुणाचे? दुकानदाराचे.

दुसरी गोष्ट मुदतीची. माल हरवला किंवा खराब झाला तर वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि तीही बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. नोटीस न देता कोर्टात गेलात तर दावा उभाच राहत नाही. ‘बघतो, सांगतो’ यात सहा महिने सहज निघून जातात, आणि ते काढणारा हुशार असतो. फोनवर कितीही बोला, पहिल्याच आठवड्यात एक साधं पत्र स्पीड पोस्टानं टाकून पावती जपून ठेवा. बिल्टी क्रमांक, तारीख, नग किती, काय हरवलं, किंमत किती. एवढं पुरतं. वकील नंतर.

कायदा सगळाच वाहतूकदाराच्या बाजूनं आहे असंही नाही. माल त्याच्या ताब्यात असताना हरवला तर त्याचा निष्काळजीपणा आपण सिद्ध करत बसायची गरज नाही. पण आपल्या हातात कागद पाहिजे. नग मोजल्याशिवाय आणि खोका फाटका आहे का पाहिल्याशिवाय ‘माल बरोबर मिळाला’ म्हणून सही करू नका. फाटका असेल तर बिल्टीवरच ‘खोका फाटलेला, दोन नग कमी’ असं लिहून मग सही करा. ड्रायव्हर घाई करतो, हॉर्न वाजवतो. वाजवू द्या.

यावर उपाय दोन आहेत. महागाचा माल असेल तर किंमत जाहीर करून जादा दर भरायचा, नाहीतर स्वतःचा ट्रान्झिट विमा काढायचा. दुकानाचा आगीचा, चोरीचा विमा असतो तो दुकानातल्या मालाचा, रस्त्यावरच्या मालाचा तो नसतो. हे एजंटला स्पष्ट विचारून घ्यावं. आणि जीएसटीवाल्या दुकानदारांना आणखी एक फटका आहे. माल हरवला, चोरीला गेला किंवा नष्ट झाला तर त्यावर घेतलेली कराची वजावट परत भरावी लागते. म्हणजे माल गेला आणि त्यावरचा करही गेला.

ई-वे बिल कुणी काढायचं?

गाडी दुसऱ्याची असली म्हणून कागद त्याचे होत नाहीत. ५०,००० रुपयांच्या वरचा माल राज्याबाहेरून येत असेल तर ई-वे बिल लागतं, हे १ एप्रिल २०१८ पासून आहे. महाराष्ट्राच्या आतल्या आत ही मर्यादा एक लाख आहे. बिलाचा पहिला भाग माल पाठवणारा किंवा घेणारा भरतो, दुसऱ्या भागात गाडीचा नंबर येतो, तो वाहतूकदारही भरू शकतो. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. वाटेत गाडी बिघडली आणि माल दुसऱ्या गाडीत टाकला तर नवा नंबर भरावा लागतो. नेमकं हेच राहून जातं. गाडी पकडली गेली आणि मालकानं माल सोडवायचा ठरवला तर कराच्या दुप्पट दंड आहे. तो दंड ड्रायव्हर भरत नाही, माल ज्याचा तोच सोडवायला धावतो. करार करताना ‘गाडी बदलली तर नंबर बदलायची जबाबदारी वाहतूकदाराची आणि न बदलल्यास दंड त्याचा’ ही एक ओळ टाकून घ्यायला काय लागतं?

भाड्यावरच्या करातही गोंधळ आहे. बिल्टी देणाऱ्या ट्रान्सपोर्टनं स्वतः कर लावला नसेल तर जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदारानं भाड्यावर पाच टक्के कर स्वतः भरायचा असतो. अनेकांना हे वर्षाअखेरीला सीए सांगतो तेव्हा कळतं.

भाडं शेवटी कुणाच्या खिशातून

हे सगळं दुकानदारांचं झालं, आपल्याला काय, असं शेतकऱ्यानं म्हणू नये. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीवर २६६ रुपये ५० पैसे किंमत छापलेली असते. खत रेल्वेनं रेक पॉईंटला येतं, तिथून ट्रकनं दुकानात. वाहतुकीसाठी सरकार कंपनीला वेगळं अनुदान देतं. तरीही रेक पॉईंटपासून दुकानापर्यंतचं भाडं आणि हमाली आमच्याच गळ्यात पडते, ही खतविक्रेत्यांची तक्रार जुनी आहे. छापील किमतीत ते बसत नाही, मग कुणी दहा-वीस रुपये वर मागतो, कुणी सोबत नको असलेलं औषध घ्यायला लावतो. मी दुकानदाराचं समर्थन करत नाही. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं गुन्हाच आहे आणि शेतकऱ्यानं पक्कं बिल मागितलंच पाहिजे. पण शेवटच्या तीस-चाळीस किलोमीटरचं भाडं कुणी भरायचं याचं उत्तर जोवर कागदावर येत नाही, तोवर ते पैसे कुठून तरी निघणारच.

देशपातळीवरही हेच दिसतं. माल हलवण्या-साठवण्याचा खर्च देशाच्या एकूण उत्पन्नाच्या १३-१४ टक्के असतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. केंद्रानं २०२५ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत तो ८ टक्क्यांच्या आसपास निघाला. चांगली गोष्ट आहे. पण त्याच पाहणीत असंही दिसलं की लहान उद्योगाला हा खर्च मोठ्या उद्योगापेक्षा टक्केवारीत बराच जास्त पडतो. मोठ्याकडं भरलेला ट्रक असतो, आपल्याकडं चार खोके.

पापड हलके, भाडं जड

आता मोबाईलचं. बचत गटाच्या बाया पापड, कुरडया, मसाले ऑनलाईन विकू लागल्या आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून एक सोय झाली : उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी नसतानाही राज्यातल्या राज्यात ऑनलाईन पोर्टलवरून माल विकता येतो, जीएसटीच्या संकेतस्थळावर फक्त एक क्रमांक घ्यावा लागतो. तेव्हापासून उत्साह वाढला. पण पहिल्याच महिन्यात भाड्याचं बिल बघून अनेकींचे डोळे फिरतात.

कारण कुरिअर नुसतं वजन पाहत नाही, जागाही पाहतं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० नं भागायचं. जे उत्तर येईल ते किलो, आणि खरं वजन व हे वजन यातलं जे जास्त त्यावर भाडं. कुरडयांचा खोका ४० बाय ३० बाय ३० चा असेल तर ३६,००० भागिले ५,००० म्हणजे ७.२ किलो. आत माल असतो तीन किलो. म्हणजे चार किलोच्या वर भाडं नुसत्या हवेचं भरलं. त्यापेक्षा कुरडई चुरत नाही एवढा तंग खोका बनवून घेतला तर तेवढंच भाडं वाचतं. पापड चपटे रचता येतात म्हणून पापडाला हा त्रास कमी. शेवया, कुरडया, बोरं यांना जास्त.

दुसरा खड्डा परतीचा. गिऱ्हाईकानं कॅश ऑन डिलिव्हरीनं मागवलं आणि दारात माल आल्यावर ‘नको’ म्हटलं, तर माल परत येतो. तोवर पापडाचा चुरा झालेला असतो, आणि अनेक करारांत जाण्याचं आणि येण्याचं दोन्ही भाडं विकणाऱ्याच्या माथी असतं. शिवाय दारात गोळा केलेली रोकड आधी कुरिअरकडं जाते, मग काही दिवसांनी आपल्या खात्यात येते. तेवढे दिवस भांडवल अडकतं. गटाकडं भांडवल असतंच किती? निदान आगाऊ पैसे देणाऱ्या गिऱ्हाईकाला थोडी सूट द्यावी. किती दिवसांनी पैसे जमा होतील हे लेखी विचारावं.

आणि पोस्टाला विसरू नका. देशात एक लाख ६४ हजारांवर पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यातली दहापैकी नऊ खेड्यात. खासगी कुरिअर जिथं ‘या पिनकोडला सेवा नाही’ म्हणतं तिथं पोस्टमन जातो. एसटीनंही २०२० च्या टाळेबंदीत जुन्या बसगाड्यांचे मालट्रक करून मालवाहतूक सुरू केली. डेपोत जाऊन दर विचारायला पैसे लागत नाहीत.

एका गोष्टीचा मात्र विचार करावा. घरपोच माल दुसऱ्यानं नेऊन दिला की गिऱ्हाईकाचा नंबर, पत्ता, त्याची आवड हे सगळं दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये जातं. दुकानदार इतकी वर्षं टिकला तो कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाची सोयाबीन कधी विकली जाणार, कुणाला उधार द्यायचं हे त्याला माहीत असतं म्हणून. गाडी बाहेर द्या, वही बाहेर देऊ नका.

पिकअप लावणाऱ्या पोरांसाठी

या सगळ्याची दुसरी बाजू म्हणजे गाडीवाले. दहावी-बारावी झालेली कितीतरी पोरं कर्ज काढून पिकअप घेतात आणि कंपनीला किंवा एजन्सीला लावतात. कुणी तालुक्याला पार्सलची एजन्सी घेतो, भाड्यानं गाळा घेतो, पाच-सहा पोरं मोटारसायकलवर ठेवतो. काम आहे, मेहनतीचं आहे, गावात राहून होतं. पण करार कंपनीनं छापलेला असतो आणि बहुतेक वेळा इंग्रजीत. २०२५ मध्ये डेल्हिवरीनं इकॉम एक्सप्रेस ही कंपनीच विकत घेतली. एवढ्या मोठ्या कंपन्या अशा एकमेकांत मिसळतात तेव्हा एकाच तालुक्यात दोन एजन्सी कशाला, हा प्रश्न साहजिक येतो. म्हणून करार किती महिन्यांचा, बंद करायचा तर किती दिवस आधी सांगणार आणि अनामत कधी परत, ही तीन वाक्यं शोधून मराठीत कुणाकडून तरी समजून घ्यावीत.

डिझेल वाढलं तर दर वाढणार का? महिन्याला किती किलोमीटर धरले आहेत आणि त्यावर चालली तर किती? उभ्या गाडीचे पैसे मिळतात का? गोडाऊनसमोर रांगेत सहा-सहा तास गाडी उभी राहते, ते तास कुणी मोजत नाही.

मोटारसायकलवर पार्सल वाटणाऱ्या पोरांचं तर आणखी अवघड. गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, पैसे पार्सलमागं. अपघात झाला तर विमा कंपनी आधी विचारते गाडी घरच्या वापरासाठी होती की धंद्यासाठी. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा गिग कामगारांचा उल्लेख आहे, ज्या कंपन्यांच्या ॲपवर ते काम करतात त्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत भरायचे आहेत, आणि चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. लाभ घ्यायचा तर नाव नोंदलेलं पाहिजे, म्हणून ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून ठेवावी. एजन्सी चालवणाऱ्यानं आपल्या पोरांचा अपघात विमा स्वतःहून काढला तर त्याचा खर्च गाळ्याच्या भाड्यापुढं किरकोळ आहे.

राहिलं पैसे वेळेवर मिळण्याचं. गाडीवाल्याचं सगळ्यात मोठं दुखणं तेच : काम आज, पैसे तीन महिन्यांनी, आणि बँकेचा हप्ता मात्र पाच तारखेला. गाडीमालकानं पॅन दिला आणि त्याच्याकडं दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नाहीत असं लिहून दिलं तर भाड्यातून टीडीएस कापला जात नाही. हे न दिल्यामुळं फुकट पैसे कापून घेणारे पुष्कळ आहेत. आणि वाहतूक हीही सेवाच आहे, त्यामुळं गाडीमालक सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी करू शकतो. अशी नोंदणी असली की काम घेणाऱ्यानं लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला पाहिजेत, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार एमएसएमई समाधान पोर्टलवर करता येते. मात्र नोंदणी काम सुरू करायच्या आधीची असावी, पैसे अडकल्यावर केलेली कामाला येईलच असं नाही. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर होते, सरकारी पोर्टलवर ती मोफत आहे. बाजारात तिच्यासाठी दोन-दोन हजार मागणारे बसले आहेत, त्यांना द्यायची गरज नाही.